जलद गाडी, धीमी गाडी आणि थांबा

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केलेले भाषण. स्मरणिकेसाठी आठवेल तसे लिहून काढले आहे.)



दरवर्षी हळदीकुंकवाला बाहेरून कोणीतरी पाहुण्या बोलवायच्या आणि आपण सगळ्याजणींनी वाण मांडीवर घेऊन ऐकत बसायचे, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही सहा महिने मुंबईकडे राहून आलात. तिकडचे काही सांगा." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई, मी काय सांगणार? मी समुद्रसुद्धा एकदाच पाहिला." त्या म्हणाल्या, "मग जे रोज पाहिले ते सांगा." रोज पाहिले म्हणाल तर एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे लोकल गाडी. लेकीच्या घराच्या खिडकीतून रूळ दिसत होते. तेव्हा आज मी लोकलवर बोलणार आहे. कंटाळा आला तर तिळगूळ समोर आहेच.

माझी थोरली लेक लग्न होऊन ठाण्याच्या पुढे कळव्याला असते, आणि दादरला एका कचेरीत नोकरी करते. तिची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा बाळाला कोण सांभाळणार हा प्रश्न आला. इकडे सासूबाई म्हणाल्या, "तू जा, चूल मी पाहते." म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत मी तपोवन एक्स्प्रेसने ठाण्याला उतरले. आमचे जावईबापू घ्यायला आले होते. तिथून कळवा एकच स्टेशन. मधे खाडी लागते. पूल ओलांडला की उतरायचे. ते म्हणाले, "आई, आता येईल ती गाडी सोडायची, तिच्या मागची धरायची." मी म्हटले, "का बरे? ती तर रिकामी दिसते." ते म्हणाले, "ती जलद आहे. कळव्याला थांबत नाही." हा माझा पहिला धडा. आपल्याकडे गाडी आली की तीत बसायचे एवढेच आपल्याला ठाऊक. तिकडे आलेली गाडी आपली आहे का, हे आधी पाहावे लागते.

आता ही जलद आणि धीमी म्हणजे काय, ते सांगते. आपल्या देशात पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत धावली, हे आपण शाळेत शिकलो. विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली. म्हणजे मी गेले तेव्हा विजेच्या गाडीला बरोबर शंभर वर्षे झाली होती. सुरुवातीला वस्ती थोडी, स्टेशनेही थोडी. पुढे वस्ती वाढली तशी मधे मधे स्टेशने झाली. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले नाहूर तर २००६ सालचे. आज बोरीबंदर, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तिथून ठाण्यापर्यंत चौतीस किलोमीटरांत मधली सतरा स्टेशने आहेत. प्रत्येक स्टेशनावर थांबणारी ती धीमी. भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड अशी मोजकी स्टेशने घेत जाणारी ती जलद. कोणती जलद कुठे थांबते यात थोडाफार फरक असतो, पण मुख्य गोष्ट ही.

एका थांब्याने किती वेळ जातो? आपल्याला वाटते गाडी उभी राहते ते अर्धे मिनिट. तसे नाही. स्टेशन येण्याआधी वेग कमी करावा लागतो, आणि सुटल्यावर पुन्हा वेग घ्यावा लागतो. एकंदर दीड मिनिट तरी जाते. बारा थांबे गाळले तर अठरा मिनिटे वाचली. म्हणून ठाण्याहून बोरीबंदरला धीमीने तासभर लागतो, तिथे जलद चाळीस मिनिटांत पोचते. जाता-येता मिळून छत्तीस मिनिटे, आणि महिन्याचे कामाचे पंचवीस दिवस धरले तर पंधरा तास होतात! भगिनींनो, महिन्याला पंधरा तास कोणी आपल्याला दिले तर आपण त्यांत काय काय करू, हे प्रत्येकीने मनाशी मोजावे. नोकरी करणाऱ्या बाईला तर सकाळचा डबा आणि संध्याकाळचा कुकर याच तासांत बसवायचा असतो.

मग सगळ्याच गाड्या जलद का करीत नाहीत, असे मी जावईबापूंना विचारले. ते हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. त्यांनी कागदावर चार रेघा ओढून दाखवल्या. बोरीबंदरापासून कल्याणपर्यंत चार रूळमार्ग आहेत. दोन जाण्याचे, दोन येण्याचे. त्यांतली एक जोडी धीम्या गाड्यांची, दुसरी जलद गाड्यांची. चार मार्ग आहेत म्हणून जलद गाडी धीमीला बाजूने टाकून पुढे जाऊ शकते. जिथे दोनच मार्ग आहेत तिथे हे जमत नाही. बोरीबंदरहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या हार्बर मार्गावर दोनच रूळमार्ग, म्हणून तिथली प्रत्येक लोकल प्रत्येक स्टेशनावर थांबते. कल्याणच्या पुढे कर्जतकडे आणि कसाऱ्याकडे फाटे फुटतात, तिथेही जलद म्हणून निघालेली गाडी सगळी स्टेशने घेते.

याचे कारण आपल्याला पाणंदीवर कळते. अरुंद पाणंदीत पुढे बैलगाडी चालली आहे आणि मागून फटफटी आली, तर फटफटी कितीही जोराची असो, तिला बैलगाडीच्या मागेच यावे लागते. तसेच श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराच्या रांगेत होते. कठड्यांच्या मधून एकच रांग असते. पुढच्या आजीबाई सावकाश चालल्या तर मागच्या तरण्या पोरीला सावकाशच चालावे लागते. लोकल तर दर तीन-चार मिनिटांना सुटते. धीमीच्या मागे तीन मिनिटांनी जलद सोडली तर दोन-तीन स्टेशनांत ती धीमीच्या पाठीला लागेल. ते टाळायचे म्हणजे दोन गाड्यांत मोठे अंतर ठेवायचे, आणि अंतर ठेवले की तासाला सुटणाऱ्या गाड्या कमी होतात. गाड्या कमी झाल्या की गर्दी वाढते. नाहीतर धीमीला मधल्या एखाद्या स्टेशनावर बाजूला उभी करून जलदला पुढे काढायचे. मग जलदच्या लोकांचे वाचलेले मिनिट धीमीच्या लोकांनी बसून मोजायचे.

जगात इतरत्र काय करतात तेही मी विचारले. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात १९०४ साली जमिनीखालची रेल्वे सुरू झाली, तेव्हापासूनच तिथे चार मार्ग टाकले होते, दोन थांबत जाणाऱ्या गाड्यांसाठी आणि दोन जलद गाड्यांसाठी. चार मार्ग टाकायला खर्च फार, म्हणून बहुतेक शहरांनी तसे केले नाही. आपल्या मुंबईत २०१४ साली घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाली, पुढे आणखी झाल्या. त्यांनाही दोनच मार्ग आहेत, म्हणून मेट्रोत जलद-धीमी हा भेदच नाही. शिकागो शहराने १९४८ साली दुसरी युक्ती काढली होती. एक गाडी काही स्टेशने गाळायची, तिच्या मागची गाडी दुसरी गाळायची, आणि मोठ्या स्टेशनांवर दोन्ही थांबायच्या. १९९५ पर्यंत ते चालले, मग तेही बंद करून सगळ्या गाड्या सगळीकडे थांबू लागल्या. हे ऐकून मला बरे वाटले. म्हणजे हा प्रश्न आपल्याच लोकांना सुटत नाही असे नाही.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे हसायला मिळेल. एके दिवशी मी एकटी दादरला गेले होते. लेकीने परतीसाठी बजावले होते, "आई, पाटीवर एस असेल ती धीमी, एफ असेल ती जलद. एस बघूनच बस." मी पाटी पाहिली, एस पाहिला, आणि धक्काबुक्कीत समोर आली तीत चढले. पाटी एका फलाटाची, गाडी दुसऱ्या फलाटाची! चूक सर्वस्वी माझी. गाडी घाटकोपरनंतर जी सुटली ती थांबेना. शेजारी एक साताऱ्याकडच्या बाई मटारच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बायकांच्या डब्यात भाजी निवडण्याचे काम सर्रास चालते. त्यांनी विचारले, "मावशी, कुठं उतरायचं?" मी म्हटले, "कळव्याला." त्या म्हणाल्या, "अगं बाई, मग ठाण्याला उतरा पटकन!" तोवर ठाणे आले, चढणाऱ्या बायकांचा लोंढा आत आला, आणि मी दारापर्यंत पोचायच्या आत गाडी सुटली. खाडी गेली. कळव्याचा फलाट आला. आमच्या लेकीची इमारत दिसली, गच्चीवर मीच वाळत घातलेले दुपटे दिसले, आणि गाडी तशीच पुढे निघून गेली. घर डोळ्यांदेखत मागे पडते आणि आपल्याला उतरता येत नाही, हे मी त्या दिवशी पाहिले. शेवटी दिव्याला उतरले आणि धीमीने परत आले. त्या साताऱ्याच्या बाई मला धीर द्यायला दिव्याला उतरून फलाटावर थांबल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे.

एक गोष्ट आपल्या वेरूळच्या बायकांना ऐकायला आवडेल. ठाण्याच्या पुढे पारसिकचा डोंगर आहे. तो पोखरून सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा १९१६ साली झाला. पूर्वी जलद लोकल त्या बोगद्यातून जात, आणि धीम्या डोंगराला वळसा घालून कळवा, मुंब्रा करीत जात. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे ते दिवा पाचवा आणि सहावा मार्ग पुरा झाला. तेव्हापासून लांबच्या गाड्यांना बोगदा मिळाला आणि जलद लोकल कळवा-मुंब्र्यावरून जाऊ लागल्या. पूर्वी जलद गाडी डोंगराच्या पोटातून जात होती तेव्हा कळव्याच्या लोकांना ती दिसत नव्हती. आता रोज समोरून जाते, पण बहुतेक वेळा थांबत नाही. कळव्याच्या बायका म्हणतात, "आता आली आहेस तर थांब की!"

थांबा मागणे हे तिकडे मोठे प्रकरण आहे. दिवा स्टेशनावरही पूर्वी जलद लोकल थांबत नव्हती. वस्ती तर भरमसाट वाढलेली. २०१५ च्या जानेवारीत तिथे प्रवाशांचा मोठा उद्रेक झाला, लोक रुळांवर उतरले. पुढे २०१६ च्या डिसेंबरात दिव्याला जलद लोकलचा थांबा मिळाला. तेव्हा आनंद झाला तो दिवेकरांना. पण डोंबिवली, कल्याण, बदलापूरच्या लोकांचा विचार करा. ते आधीच तास-दीड तास प्रवास करणारे. त्यांची गाडी आणखी एका ठिकाणी उभी राहणार, आणि भरलेल्या डब्यात आणखी माणसे चढणार. त्यांची कुरकुर खोटी म्हणता येईल का? मला तर दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. प्रत्येक गावाला वाटते की गाडी आपल्याकडे थांबावी आणि पुढे कुठेच थांबू नये. सगळीकडे थांबली तर ती जलद राहत नाही, आणि कुठेच थांबली नाही तर ती कोणाच्या उपयोगाची नाही.

आता जरा गंभीर गोष्ट सांगते. बाळंतपणात लेकीचे पोट फाडावे लागले होते. तिला तासभर उभे राहवत नसे. कळव्याला धीमी येते ती भरून येते. ठाण्याला उतरून जलद धरावी तर तिच्या दारात बोट शिरायला जागा नसते. म्हणून तिने तिथल्या पुष्कळ बायका करतात तसे केले. ती सकाळी उलट्या दिशेने डोंबिवलीला जाई, आणि डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या जलद गाडीत जागा धरून बसून दादरला येई. पासही तिने डोंबिवलीपासूनचा काढला होता. दादर पश्चिमेला आणि ही आधी पूर्वेला! बसायला मिळावे म्हणून रोज अर्धा तास आधी निघायचे. बाळ झोपेतच असे. त्यावरून आमचे एकदा वाजलेही. मी म्हणाले, "ही कसली जलद गाडी, जी तुला घरातून अर्धा तास आधी काढते?" ती म्हणाली, "आई, जलद वेळेसाठी नाही, कमरेसाठी धरते."

९ जून २०२५, सोमवार. सकाळी नऊ-सव्वानऊच्या सुमारास मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या, एक कसाऱ्याकडे जाणारी आणि एक मुंबईकडे येणारी. दोन्हींच्या दारांत माणसे लोंबकळत होती. ती एकमेकांवर घासली आणि रुळांवर पडली. त्या दिवशी चार जणांचा जीव गेला, पुष्कळ जखमी झाले. ही बातमी शेजारच्या वहिनींनी दार वाजवून मला सांगितली. मी बाळाला पेज भरवीत होते. माझी लेक त्याच वेळी, त्याच बाजूने, जलद गाडीने येणार हे मला माहीत होते. ती बायकांच्या डब्यात आत बसून येते हेही माहीत होते, पण अशा वेळी माहिती उपयोगी पडत नाही. फोन लावला तो लागेना. जावईबापूंचाही लागेना. पाऊण तास मी बाळाला खांद्यावर घेऊन त्या खिडकीत उभी होते, आणि खाली रूळ रिकामे होते. रोज त्या गाड्यांच्या खडखडाटाला मी कंटाळत असे. त्या दिवशी एक गाडी वाजावी म्हणून मी घृष्णेश्वराला हात जोडले.

साडेदहाला फोन आला. तिची गाडी मागेच अडकून उभी होती. ती म्हणाली, "आई, मी ठीक आहे. बाळाने पेज खाल्ली का?" मी काही बोलू शकले नाही.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी तिला म्हणाले, "बाई, पुरे झाली ही नोकरी. जावई मिळवतात तेवढ्यात भागव." ती लगेच रागावली नाही. तिने बाळाला घेतले, आणि थोड्या वेळाने मला विचारले, "आई, तू सातवीनंतर शाळा का सोडलीस?"

तिला उत्तर ठाऊक होते. मी तिला लहानपणी पुष्कळदा सांगितले आहे. माझ्या माहेरी शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी पाच कोसांवरच्या गावी जावे लागे. सकाळी एक मोटार आमच्या फाट्यावरून त्याच गावाकडे जाई, पण तिला आमच्या फाट्यावर थांबा नव्हता. वडिलांनी दोन-चारदा हात करून पाहिला. ती धूळ उडवीत निघून जाई. मुलगे सायकलीने गेले. मुलीला सायकल कोण देणार? मी आठ दिवस फाट्यावर दप्तर घेऊन उभी राहिले, नवव्या दिवशी आईने हाती विळा दिला. एवढीच माझ्या शिक्षणाची कथा. ती मोटार कोणी वाईट माणूस चालवत होता असे नाही. तिला पुढे वेळेवर पोचायचे असणार, आणि आतल्या लोकांना घाई असणार. आमच्या फाट्यावरची एक मुलगी तिच्या हिशेबात नव्हती, इतकेच.

लेक म्हणाली, "आई, तुझी गाडी थांबली नाही म्हणून तू घरी राहिलीस. माझी गाडी थांबते. गर्दी आहे, त्रास आहे, पण थांबते. मग मीच तिच्यातून उतरू का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही. पण त्यानंतर मी तिला नोकरी सोड म्हणाले नाही. मात्र आम्ही तिघांनी बसून वेगळा हिशेब केला. ठाणे ते दादर जलदने सात थांबे गळतात, म्हणजे दहा मिनिटे वाचतात. ती दहा मिनिटे आणि डोंबिवलीचा अर्धा तास यांची तुलना केली. कचेरीत अर्ज करून तिने तासभर उशिरा येऊन तासभर उशिरा जाण्याची परवानगी मागितली, आणि ती मिळाली. आता ती गर्दी ओसरल्यावर कळव्याहूनच धीमीने जाते, आणि पुष्कळदा बसायलाही मिळते. आमच्या घरापुरता प्रश्न जलद गाडीने सुटला नाही, कचेरीच्या घड्याळाने सुटला. मध्य रेल्वेने स्वतःच्या कचेरीतही २०२३ साली अशाच दोन वेगवेगळ्या वेळा ठेवल्या आणि इतर कचेऱ्यांनाही तसे करण्याची विनंती केली होती. सगळ्यांनी एकाच घटकेला निघायचे आणि मग गाडीला दोष द्यायचा, हे काही बरोबर नाही. मुंब्र्याच्या अपघातानंतर नव्या लोकलना आपोआप मिटणारी दारे बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले आहे. तेही लवकर होवो.

आपल्या गावच्या कितीतरी मुली लग्न होऊन किंवा नोकरीसाठी तिकडे जातात. त्यांच्यासाठी पाच व्यवहाराच्या गोष्टी सांगते. पहिली, स्थळ पाहताना किंवा घर पाहताना खोल्या किती एवढेच विचारू नका, स्टेशन कोणते आणि तिथे जलद थांबते का हे विचारा. जिथे जलद थांबते तिथे भाडे जास्त असते, त्याचे कारण हेच. दुसरी, पाटी आपल्याच फलाटाची आहे ना हे पाहा. माझ्यासारखे करू नका. तिसरी, लाउडस्पीकरवर गाडी कुठे थांबणार नाही ते सांगतात, ते कान देऊन ऐका. चौथी, उतरायचे स्टेशन येण्याआधी दोन स्टेशने दाराकडे सरकायला लागा, आणि फलाट कोणत्या बाजूला येतो ते शेजारणीला विचारा. पाचवी आणि सगळ्यांत महत्त्वाची, दारात लटकू नका. ही गाडी गेली तर चार मिनिटांनी दुसरी येते. बायकांसाठी वेगळे डबे आहेत, आणि ५ मे १९९२ पासून पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ बायकांची गाडीही सुरू झाली, तशा गाड्या पुढे मध्य रेल्वेवरही आल्या. विचारायला लाजू नका. बायकांच्या डब्यात विचारले की दहाजणी सांगतात.

शेवटी आपल्या गावाचे एक सांगते आणि खाली बसते. आपल्या घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. त्यांच्याच नावाने सरकारची योजना आहे, खेड्यापाड्यांतल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. मार्च २०२३ पासून आपल्या सगळ्या बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले. या चांगल्या गोष्टी आहेत. पण पास असला आणि थांबा नसला, तर तो पास पेटीत ठेवायचा कागद होतो. आपल्या आसपासच्या वस्त्यांवरच्या किती मुली दहावीनंतर घरी बसल्या, आणि त्यांतल्या किती केवळ गाडीच्या अडचणीने बसल्या, हे आपल्या मंडळाने घरोघर जाऊन विचारावे, असे मी सुचवते. वाणाचे डबे वाटतो, तसेच हेही एक वाण समजा. जिथे खरी गरज निघेल तिथल्या थांब्यासाठी मंडळाच्या नावाने अर्ज करावा. किती मुली, कोणत्या वेळी, कुठून कुठे, असे नीट आकडे घालून करावा. नुसते ओरडून थांबा मागितला तर समोरचाही ओरडतो.

आणि तो थांबा मिळाला, तर आपल्याला एक पथ्य पाळावे लागेल. आपण शहराकडे निघालेल्या असू, उशीर झालेला असेल, आणि गाडी एखाद्या वस्तीवर दोन पोरींसाठी उभी राहील. तेव्हा "आता इथे कशाला थांबवली?" असे आपल्यापैकी कोणी म्हणायचे नाही. दीड मिनिट जाते. मी मोजून आले आहे.

अर्जावर पहिली सही माझी राहील. माझे अक्षर चांगले आहे. सातवीपर्यंत मला शुद्धलेखनात पैकीच्या पैकी गुण होते.

 तिळगूळ घ्या, गोड बोला.